तीन थेंबांचा शॉवर

सर्व नातेवाईक, शेजारी आणि हितचिंतकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आमच्या गारखेड्याच्या फ्लॅटमधला शॉवर मी एकदा स्वतःच्या हातांनी दुरुस्त केला होता. कुणालाही न विचारता! (विचारलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.)

दुष्काळाची वर्षं होती. शहर बिडकीनच्या दिशेनं वाढत सुटलं होतं, रोज नवी इमारत उभी राहत होती आणि नळाला पाणी यायचं आठव्या दिवशी. तरी बिल्डरनं हौसेनं घराघरांत शॉवर बसवले होते. आमच्या शॉवरमधून तीन थेंब पडायचे. चौथा थेंब मी तीन वर्षांत पाहिला नव्हता.

"खराब आहे तो," असं घरात सगळे म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. पण एकदा नाशिकच्या थोरल्या जाऊबाईंचा फोन आला.

"तुमच्याकडं आठ दिवसांनी पाणी येतं म्हणे! मग आंघोळी तरी कशा करता गं?"

आवाजात माया होती. मला ती मायाच झोंबली.

"शॉवरनं!" मी म्हणाले.

"अय्या! मग शनिवारी येतेच मी. तुमच्या शॉवरखाली आंघोळ करते."

झालं! शुक्रवारी पाणी आलं, गच्चीवरची टाकी काठोकाठ भरली. आता ती पुढचे आठ दिवस पुरवायची होती. आणि जाऊबाई दुपारच्या गाडीनं येणार होत्या. शनिवारी सकाळी मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पाना मागितला.

"मिस्त्री पाठवू का, ताई?"

"मिस्त्री तुमच्यासमोर उभा आहे!" मी म्हणाले. (दुकानदार माझ्याकडं बराच वेळ बघत होता. कौतुकानं, असं मला वाटलं.)

हॉलमध्ये माझ्या सासूबाई मेथी निवडत होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. त्या मूळच्या सोयगावकडच्या, कोरड्या विहिरीत उतरून वाटीवाटीनं पाणी भरलेल्या. तांदळाच्या धुवणावर त्यांनी गॅलरीतला कढीपत्ता जगवला होता.

"कशाला त्याच्या नादी लागतीस?" त्या म्हणाल्या. "बरा हाय की बंद!"

"आत्याबाई, जाऊबाई यायच्यात!"

"मग? ती काय शॉवर बघाया येतीय, का आपल्याला?"

मी साडीचा पदर खोचला, स्टुलावर चढले आणि शॉवर फिरवून काढला. आतल्या पाइपात चक्क चिंधी कोंबलेली! चिमट्यानं ओढली, तर वीतभर निघाली. हिरव्या काठाची.

"बघा, आत्याबाई! बिल्डरचा कारभार! चिंधी आतच विसरला मेला!"

आत्याबाई मेथी दुप्पट वेगानं निवडू लागल्या.

शॉवर परत बसवला, नळाची मूठ फिरवली आणि काय सांगू! शंभर धारा! मी स्टुलावर उभी, साडीसकट, डोळे मिटून. तीन वर्षांची हौस एका दमात फिटत होती. मग मी शहाण्या बाईसारखी नळ बंद करायला गेले. मूठ फिरली. फिरतच राहिली. आणि शेवटी निघून माझ्या हातात आली!

"अहो! गच्चीवर पळा! टाकीचा कॉक बंद करा!"

आमचे हे आज्ञाधारक. पळाले. मिनिटभरात वरून आवाज आला, "केला गं बंद!"

धारा तशाच.

"नाही झाला!"

"अगं, झालाय! घट्ट केलाय!"

इतक्यात खालच्या नसरीनभाभी धापा टाकत वर आल्या. "भाभी, हमारे नल को पानीच नहीं आरा! एकदम बंद हो गया!"

मग त्यांचं लक्ष बाथरूमकडं गेलं. "या अल्ला! इत्ता पानी! रुको, मैं ड्रम लाती!"

दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी आधी पाणी बंद केलं असतं. आमच्या गावात आधी भांडी येतात! बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकर भरला, पुरणयंत्राचा डबासुद्धा भरला. आत्याबाई घागर घेऊन आत आल्या आणि माझ्यावर ओरडल्या, "उतर त्या स्टुलावरनं! तुझ्या अंगावर पाणी वाया चाललंय!"

मी उतरले.

आपल्या घराचा कॉक कुठला ते कळेना, तेव्हा यांनी शेवटी गच्चीवरचे चारही कॉक बंद केले. धारा थांबल्या तेव्हा हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि दारात, हातात बॅग धरून, थोरल्या जाऊबाई उभ्या होत्या.

"ताई, या ना," मी म्हणाले. पदरातून पाणी गळत होतं. "जरा कुकर ओलांडून या."

आता कॉक उघडले की शॉवर पुन्हा सुरू होणार. आणि इमारतीचं पाणी किती वेळ बंद ठेवणार? यांनी मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, सोमवारी येतो.

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. कपाटाखालून जुनं हिरव्या काठाचं लुगडं काढलं, टरकन वीतभर फाडलं, स्टुलावर चढल्या, शॉवर काढला, चिंधी कोंबली, अंगठ्यानं दाबली, शॉवर बसवला. अर्ध्या मिनिटाचं काम! इतकी सफाई पहिल्या खेपेला येत नाही.

यांनी कॉक उघडले. शॉवरमधून तीन थेंब पडले. आम्ही सगळे चौथ्याची वाट बघत उभे राहिलो. तो आला नाही.

जाऊबाईंनी मान वर करून तीनही थेंब नीट पाहिले. "अगंबाई, म्हणजे खराबच आहे की हा!"

"खराब कशानं?" आत्याबाई स्टुलावरूनच कडाडल्या. "माझी दुरुस्ती तीन वर्षं टिकली व्हती! हिची तीन मिन्टं बी टिकली नाय!"