दाजींनी नापास केलेला चेंडू

माझे दाजी पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा बसायच्या आधी त्यांनी खुर्ची हलवून पाहिली. एक पाय आखूड निघाला. खिशातला कागद काढून त्यांनी पायाखाली घडी सरकवली, मग बसले, आणि मग माझ्या ताईकडे पाहिलं. आई तर त्या घडीवरच खूश झाली.

दाजी बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. चौतीस वर्षं त्यांनी पोलादी छर्रे हातात घेतले, मापले आणि केसाएवढा फरक दिसला की बाजूला टाकले. घरीही तोच खाक्या. ताईने छत्री आणली की दाजी ती दहा वेळा उघडून मिटणार. पडदे आणले की उजेडात धरणार. निम्म्या वस्तू दुकानात परत जायच्या, आणि परत द्यायला जायची ताई. "मी कशी पास झाले, देव जाणे," असं ती हसत म्हणायची. पण मी तिचा भाऊ आहे. ते हसू मला ओळखता येतं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला भरपूर चालायला सांगितलं. कारखान्यामागेच गोल्फचं मैदान होतं. नुसतं काय चालायचं, म्हणून ताईने काठी हातात घेतली आणि दोन वर्षांत चांगली तरबेज झाली. दाजी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की सकाळभर बायको घरात नसते. आठवडाभर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाची वेळ जुळवून पाहिली. मग म्हणाले, "मीही येतो तुझ्याबरोबर."

ताई इतकी हरखली की मला फोन करून सांगितलं. पण मोठ्या मैदानावर कुणालाही सोडत नसत. नवशिक्याने आधी कोचसमोर तळ्याकाठचे तीन होल चोवीस फटक्यांत पुरे करायचे, चेंडू हरवला तर दंडाचा फटका वेगळा. संधी तीनच. तिन्ही गेल्या तर वर्षभर थांबा.

चेंडू घ्यायला आम्ही तिघं मैदानाच्या दारातल्या दुकानात गेलो. ताईने पिवळाजर्द चेंडू उचलला. "अहो, हाच घ्या. मी यानेच शिकले."

दाजींनी तो अंगठ्याखाली दाबला. "हा दबतो."

"दबायलाच हवा," दुकानदार म्हणाला. "नवीन माणसाचा हात सावकाश चालतो, त्याला मऊच बरा. सरळ जातो. रंग भडक, म्हणजे गवतात सापडतो. आणि एकच प्रकार धरून ठेवा, म्हणजे हाताला सवय होते."

"माझ्या टेबलावरून हा पुढे गेला नसता," म्हणून दाजींनी तो फळीवर ठेवला आणि पट्टीचे खेळाडू वापरतात तसा टणक, पांढराशुभ्र, सगळ्यात महागडा चेंडू मागितला. दुकानदाराने बजावलं, "काका, हा फार फिरतो. फटका जरा तिरका बसला, की हा चौपट तिरका जाईल." दाजींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. घरी बादलीत मिठाचं पाणी करून त्यांनी एकेक चेंडू तरंगवला, फिरवला, कुठली बाजू जड नाही ना याची खात्री केली. बारापैकी सात पास झाले. स्वयंपाकघरात मीठ उरलं नाही.

पहिल्या परीक्षेत सातांतले तीन झुडपात गेले. दुसऱ्या परीक्षेत उरलेले चार. मी शोधून शोधून ओरबाडून निघालो.

"चेंडूत दोष नाही," दाजी म्हणाले. "मी तपासलेत."

"मग दोष कुणात आहे, दाजी?" मी विचारलं. जीभ आवरली असती तर बरं झालं असतं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

ताई काठ्यांची पिशवी उचलून एकटी मोठ्या मैदानाकडे निघाली. दाजी कुंपणापाशी उभे राहून ती टेकडीआड जाईपर्यंत बघत होते. मला त्यांचा राग आला होता, पण तेव्हा मी जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

तिसऱ्या परीक्षेला दाजी रिकाम्या हातांनी आले. मला वाटलं, माघार घेतायत. कोचने नाव पुकारलं तसे ते ताईकडे वळले.

"दे."

"काय?"

"चेंडू. तुला जो योग्य वाटेल तो."

ताईने पिशवीत हात घातला आणि बराच वेळ बाहेरच काढेना. शेवटी एक पिवळा चेंडू तिने त्यांच्या हातावर ठेवला. दाजींनी तो दाबला नाही, फिरवला नाही, डोळ्यांजवळही नेला नाही. सरळ खाली ठेवला आणि फटका मारला. फार लांब गेला असं मी म्हणणार नाही. झुडपात गेला नाही. पुढचेही सगळे असेच, बेताचे आणि सरळ. तेविसाव्या फटक्याला तिसरा होल पुरा झाला. कोचने हात मिळवला, आणि मी वयाला न शोभेल अशी शिट्टी मारली.

दोघं मोठ्या मैदानाच्या फाटकातून आत शिरली. मागून मीही.

"अहो," ताईने विचारलं, "तो चेंडू तुम्ही पाहिला का नाहीत?"

"तू पाहिला होतास ना," दाजी म्हणाले.

ताई जागच्या जागी थांबली. छत्तीस वर्षांच्या संसारात असलं काही ऐकायची तिला सवयच नव्हती.

"परत म्हणा," ती म्हणाली.

आणि दाजींनी परत म्हटलं.