मिरजेहून हुबळीमार्गे आलेली एकतारी

...तर सगळ्यांत आधी आली ती समोरची शेवंता आक्का. पार्सलवाल्याची गाडी गल्लीतून बाहेरही पडली नव्हती, तोवर ही हळदीकुंकवाची वाटी आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात हजर. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या दारावरच उघडते, त्यामुळे तुला कुणी सांगितलं म्हणून विचारायची सोय नाही.

खोक्यात एकतारी होती. ऑनलाइन मागवलेली, रामू आप्पांसाठी.

रामू आप्पा आमच्या गल्लीतलेच, ऐंशीच्या पुढचे. दर गुरुवारी आमच्या बाहेरच्या सोप्यात आम्ही आठ-दहा बायका भजनाला बसतो आणि एकतारी धरणारे एकटे आप्पा. चार महिन्यांमागं त्यांची एकतारी खुंटीवरून पडली, भोपळा फुटला... आणि आप्पा यायचेच बंद झाले.

माझी नात प्रज्ञा बेळगावात अनगोळला राहते, उद्यमबागेत ऑफिसात कामाला आहे. तिनं मला मोबाईलवर एकतारीचा सूर लावून दिला. बोलावलं म्हणून आप्पा एकदा आले, दोन मिनिटं ऐकलं आणि चपला घालून परत गेले. त्यानंतर ते घराबाहेरच पडले नाहीत. त्यांची सूनबाई सांगायची, जेवणसुद्धा खोलीतच मागतात... तेव्हा मी मनावर घेतलं.

आमच्या निपाणीच्या बाजारात मिळतात त्या शोभेच्या. रंगरंगोटी भरपूर, आवाज काही नाही. प्रज्ञानं मोबाईलवर मिरजेचा एक कारागीर शोधला, भाव शोभेच्यापेक्षा थोडाच वर. मी तिला म्हटलं, फोटो बघून घेऊ नको, जी पाठवणार तीच वाजवून दाखवा म्हणावं. मी शाळेत फार गेले नाही, पण बाजार केलाय. त्या माणसानं खरंच व्हिडिओ पाठवला. खुंटी पिळून, तार उतरवून, परत चढवून वाजवली. आवाज गोड होता.

मिरज आमच्यापासून दोन-अडीच तासांवर. माझे गुडघे धड असते तर एसटीनं जाऊन आले असते. पण पार्सल मिरजेहून पुण्याला गेलं, तिथून हुबळी, मग बेळगाव, मग निपाणी. प्रज्ञा रोज फोन करून आज कुठं पोचली ते सांगायची. मी बघितली नाहीत एवढी गावं त्या एकतारीनं बघितली.

असो. खोका फोडला. भोपळ्यावर पातळ चामडं ताणून बसवलेलं, दांडी गुळगुळीत. मी तारेला हात लावणार, तोच शेवंता आक्कानं माझा हात धरला. नवं वाद्य आधी पुजायचं असतं म्हणाली. पाट मांडला, एकतारीवर तांब्यातलं पाणी घातलं, पदरानं पुसलं. मग हळद कालवून चांगली जाडजूड लावली, वर कुंकू. मी पण ओवाळलं, खोटं कशाला सांगू. आमच्याकडं ट्रॅक्टर येवो नाहीतर मिक्सर, हे होतंच.

मग तार छेडली. ठप्प.

परत छेडली. ठप्प... रिकाम्या खोक्यावर टिचकी मारावी तसं. व्हिडिओतली ती हीच का, असं मनात आलं.

प्रज्ञाला फोन लावला. ती म्हणाली, सात दिवसांत परत घेतात, पण जशी आली तशीच पाहिजे. आणि इथं दांडीला कुंकवाची पाच बोटं, चामड्यावर हळद. शिवाय पुजलेली वस्तू खोक्यात कोंबून परत कशी पाठवायची?

शेवंता आक्का फुगून बसली. "मी काय वाईट केलं व्हय? नवरीला न्हाय का हळद लावत?"

मला आक्काचं काही नव्हतं. काळजी आप्पांची. एकतारी आली असा निरोप आधीच गेला होता. ही अशी ऐकली तर ते परत उंबरा ओलांडणार नाहीत. पार्सल चुकीचं आलं म्हणून सांगावं, इथपर्यंत माझी तयारी झाली होती... पण पायरीवर काठी वाजली. सूनबाई आप्पांना धरून घेऊन आली होती.

आप्पा बसले. त्यांना दिसतं कमी. तारेला हात न लावता त्यांनी आधी चामड्यावरून तळवा फिरवला.

"हिला आंघूळ कुणी घातली गं?"

शेवंता आक्का आढ्याकडं बघत होती.

"चामडं वलं हाय. वल्या चामड्याला आवाज कुठला यायचा? कवळ्या उन्हात धरा, लई तापवू नगा."

उतरतीचं ऊन अंगणाच्या कडेला उरलं होतं. शेवंता आक्का तिथं जाऊन बसली, एकतारी मांडीवर. तासभर इकडची बाजू, तिकडची बाजू करत होती. माशी बसू दिली नाही. नातवंडांना तिनं एवढं सांभाळलेलं मी बघितलं नाही.

मग आप्पांनी भोपळ्याला कान लावला, खुंटी हळूच पिळली आणि एक बोट मारलं... व्हिडिओतला आवाज तो हाच, पण घरात वेगळाच लागला. आप्पांनी डोळे मिटून, चहा गार होईपर्यंत वाजवली. चांगली आहे म्हणायची त्यांना सवयच नाही. एवढंच म्हणाले, तार नवी हाय, मुरंल.

त्या मिरजेच्या माणसाला प्रज्ञाकरवी निरोप धाडलाय, तुमचं भलं होवो म्हणून.

आप्पा उठले तशी मी एकतारी जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून त्यांच्यापुढं धरली. त्यांच्यासाठीच घेतली होती ना. त्यांनी ती माझ्याकडं परत सरकवली.

"हितंच ऱ्हाऊ दे. घरी न्हेली तर मी घरातच बसंन."

सूनबाईनं तोंड दुसरीकडं फिरवलं.

बाकीच्या बायका गुरुवारी पाचला यायच्यात. आप्पा म्हणालेत, मी साडेचारला येतो.