ऐनात वळलेला खिळा

"मामू, बोट काढा," इम्तियाज म्हणाला. मी बोट काढतो न काढतो तोच पट्टी चौकटीला बसलेली होती. फट् असा एकच आवाज. ठोक्याचा व्रण नाही, चीर नाही. खिळा लाकडाच्या आत आणि वर जेमतेम तिळाएवढे छिद्र. मी पट्टीवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. उभा जन्म जव्हारमध्ये सुतारकामात गेला, पण इतके स्वच्छ काम मी पाहिले नव्हते.

हे मी मुद्दाम आधी लिहितो. जव्हारच्या बाजारात आजही सांगतात, की नेल गन पाहून म्हातारा मिस्त्री घाबरला आणि अडून बसला. मोखाड्यात नेमके उलटे ऐकू येते: मशीन फसले आणि मिस्त्रीने भाच्याची जिरवली. दोन्ही खोटे आहे. सांगणाऱ्यांपैकी एकही गृहस्थ त्या दिवशी जामसरला भोये गुरुजींच्या घरी नव्हता. मी होतो.

सन दोन हजार उलटून गेले होते. माझा भाचा इम्तियाज ठाण्यात फर्निचरचे काम शिकून, कॉम्प्रेसर आणि गन घेऊन परतला होता. कॉम्प्रेसर हवा दाबून भरतो. गनचा घोडा ओढला की ती हवा बारीक, जवळजवळ बिनडोक्याचा खिळा लाकडात घुसवते. ऑफिसातला स्टेपलर कागदाला पिन मारतो, तसेच.

गुरुजींची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिच्या खोलीवर माळा घालायचा आणि भाताची पोती वर चढवायची, एवढे काम. खोलीच्या दोन्ही बाजूंना ऐनाच्या, म्हणजे टणक जंगली लाकडाच्या, जुन्या तुळया होत्या. त्यांच्या अंगाला आधारपट्ट्या ठोकायच्या आणि पट्ट्यांवर फळ्या टेकवायच्या. म्हणजे पोत्यांचा सगळा भार त्या पट्ट्यांवर.

"चौकटीसारख्या या पट्ट्याही गनने मारतो," इम्तियाज म्हणाला. "जेवणाच्या आत फिनिश."

"नको. इथे स्क्रू लागतील."

"मामू, ठाण्यात अख्खी किचनं गनवर उभी आहेत!"

"ठाण्याचं प्लायवूड तुझ्या गनला घाबरत असेल. हा ऐन आहे."

गुरुजी घड्याळाकडे पाहत म्हणाले, "मिस्त्री, लेक उद्याच्या गाडीने येते आहे. मशीन लवकर करत असेल तर करू द्या ना."

गुरुजींची बायको दारातून बोलली, "लवकर करा का उशिरा करा. बाय माझी त्याच्याखालीच निजल, येवढा ध्यानात ठेवा."

आमच्या घराण्याची एक रीत आहे. माळा प्रथम भरला जातो तेव्हा तो बांधणारा मिस्त्री त्याच्याखाली उभा राहतो, आणि शेवटचे पोते चढेपर्यंत हलत नाही. मी इम्तियाजला म्हणालो, "मार गनने. भरताना खाली तू उभा राहा."

"राहतो!" तो म्हणाला. पोरगा माझ्याच रक्ताचा. त्याने डाव्या हाताने पट्टी खालून तुळईला दाबून धरली आणि घोडा ओढला.

फट्.

खिळा पट्टीतून आत गेला होता खरा. पण त्याचे टोक तुळईच्या खालच्या अंगातून, इम्तियाजच्या करंगळीच्या अगदी शेजारी बाहेर आले होते. त्याने हात सावकाश काढून घेतला. मी पटाशीने तेवढी कपची उडवली. आत गाठ होती. सरळ घुसलेला पोलादी खिळा गाठीपाशी थबकून लाकडाच्या रेषेच्या कलाने मासळीच्या गळासारखा वळला होता. गुरुजींनी चष्मा काढून तो पाहिला. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. खिळ्याला क्षणार्धात आत नेणारी ती हवा, आणि इतकी वर्षे छपराखाली वाळूनही त्याला वळवून बाहेर काढणारे ते झाड! यात हरले कोण, हे बाजारातल्या विद्वानांनी मला सांगावे.

"मामू, ड्रिल द्या," इम्तियाज म्हणाला. मी सांगितले नव्हते, त्याने मागितले.

मग आम्ही रीतसर काम केले. आधी स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडायचे, नाहीतर ऐन फाटतो किंवा स्क्रूचे डोके तुटते. स्क्रूच्या आट्यांना साबण चोळायचा. आणि स्क्रू हातोडीने अर्धा ठोकून मग पिळायचा नाही. आमच्याकडचे निम्मे सुतार हेच करतात. ठोकलेला स्क्रू लाकडात आटे पाडत नाही, लाकूडच चिरडतो, आणि मग तो नुसता महाग खिळा उरतो. फळ्यांच्या कडेच्या शोभेच्या पट्ट्या मात्र गनने लावल्या. त्या मी स्वतः मारल्या, हेही बाजारात कोणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोती चढू लागली. इम्तियाज खाली उभा राहिला. मीही त्याच्या शेजारी गेलो.

"मामू, तुम्ही कशाला?"

"स्क्रू माझे आहेत."

फळ्या करकरल्या, आमच्या डोक्यांवर भुसा गळला. पट्ट्या तसूभरही हलल्या नाहीत. दुपारी लेक आली आणि खाली अंथरुणावर आडवी झाली. तिने वर पाहिलेसुद्धा नाही.

खिळ्याला लाकूड धरून ठेवते. स्क्रू लाकडाला धरून ठेवतो. शोभेला खिळा पुरतो. वर ओझे आणि खाली माणूस असेल, तर स्क्रू लावावा.