तिसऱ्या गाडीचा दोष

कुणाला मोटारघर घ्यायचं असेल, तर आम्ही त्याला आधी लोवेल हौगनकडे पाठवतो, दुकानदाराकडे नंतर. ॲरिझोनाच्या या माळावर हिवाळा काढायला आलेल्या आम्हा म्हाताऱ्यांत प्रत्येकाला कसला ना कसला मान आहे. कुणाची मिरची घातलेली बीन्स नावाजलेली, तर कुणाचे गुडघे, दोन्ही बदललेले आणि कुणी विचारलं नाही तरी दाखवले जाणारे. लोवेलचा मान गाड्यांचा. आयुष्यभर मिनेसोटात दुधाचा टँकर चालवला आणि निवृत्त झाल्यापासून पाच मोटारघरं केली. बायको मात्र एकच, आर्डिस. ती म्हणते, "त्याची बदलायची हौस गाड्यांवर भागली, म्हणून मी टिकले."

दुपार कलली की आपापली खुर्ची उचलून सगळे शेकोटीपाशी येतात. शेकोटी पेटायला अवकाश असतो, पण तोंडांना धीर नसतो. नवख्या माणसाला समोर बसवलं की लोवेल सुरू करायचा.

"पहिली छोटी. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ना, तसली. गुण म्हणशील तर कुठंही वळते, वाणसामानाच्या दुकानापुढं उभी राहते, कुणाची बोलणी खावी लागत नाहीत. दोष हा, की झोपेतून दचकून उठलास की कपाळ छताला. आणि आत दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. मला फ्रिजकडे जायचं असेल तर आर्डिसनं पलंगावर चढायचं."

"आणि याला सारखं फ्रिजकडेच जायचं असायचं," आर्डिस म्हणायची. विणकामावरची नजर ती काढत नाही.

"दुसरी लांबलचक, तोंड बससारखं सपाट. काच एवढी मोठी की डोंगर मांडीवर येऊन बसल्यासारखा वाटतो. पण इंजिन दोघांच्या मधोमध. पाय भाजतात, आणि आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही."

"हा दोष नाही, गुण होता."

"शिवाय कॅन्ससमध्ये आडवा वारा लागला, की अडेल गायीला दाव्यानं ओढत न्यावं तसं तिला रस्त्यावर ठेवावं लागतं. तिसरी चांगली होती." एवढं म्हणून लोवेल उठायचा, शेकोटीत एक लाकूड सारायचा आणि खुर्चीत परत बसेपर्यंत चौथीवर आलेला असायचा. "चौथी डिझेलची. बटण दाबलं की भिंत बाहेर सरकते आणि दिवाणखाना मोठा होतो. राजवाडा बघ. पण एकदा ती भिंत बाहेर गेली ती आत येईचना. दमलेलं कुत्रं जीभ बाहेर काढून बसतं ना, तसे आम्ही भिंत बाहेर काढून बसलो होतो. आणि एवढी अवाढव्य, की कुठं जायचं ते आपण ठरवत नाही, ती ठरवते. म्हणून आता ही व्हॅन. हात लांब केला की सगळं हाताशी."

"मीसुद्धा," आर्डिस म्हणायची. "म्हणून बिचारा हात जपून लांब करतो."

दुसऱ्यांच्या गाड्यांची खोट काढताना तो कुणाची भीड ठेवायचा नाही. माझ्या जीपमागं ओढून आणायच्या डब्याला तर त्यानं एकदा चारचौघांत सांगितलं, "याचा एकच गुण आहे, तो लांबून दिसत नाही." असा हा माणूस तिसऱ्या गाडीबद्दल तेवढा दोन शब्दांत आटपायचा. मला वाटायचं, जीव जडला असेल तिच्यावर. मी त्याला चिडवायचोसुद्धा, की पहिल्या प्रेमाचं ऐकलंय, हे तिसरं प्रेम कसलं.

ती तिसरी गाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. सायीच्या रंगाची, कडेनं तपकिरी पट्टा. तिच्यात कोरीन राहते. लोवेलकडून ती कोरीनच्या नवऱ्यानं घेतली होती, मर्लनं.

मर्ल नॉर्थ डकोटाचा. तिथल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर बर्फ ढकलायची गाडी चालवायचा. वादळात स्वतःचं नाक दिसत नाही अशा वेळी त्यानं घराघरांपुढचे रस्ते मोकळे केले, आणि जन्मात कुणाची टपालपेटी पाडली नाही. तिकडे रस्त्याकडेला खांबावर टपालपेट्या असतात, आणि बर्फवाल्यांनी त्या पाडणं हे धरूनच चाललेलं असतं. मर्लनं एकही पाडली नाही. त्याला एवढा एकच गर्व होता. बाकी माणूस गरीब, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला.

आता पुढचं आम्हाला त्या वेळी ठाऊक नव्हतं. पण तुमच्यापासून लपवून मला काय मिळायचंय?

गाडी लोवेलकडे होती तेव्हा नेब्रास्कातल्या एका पेट्रोलपंपावर वळण घेताना त्यानं तिचा वरचा मागचा कोपरा पंपाच्या छपराला घासवला. आर्डिस आत कॉफी घ्यायला गेली होती. ती दोन पेले घेऊन बाहेर आली तेव्हा लोवेल समोरची काच पुसत होता. त्यानं जन्मात कधी काच पुसली नव्हती, आणि तरी आपल्याला संशय आला नाही, याचं आर्डिसला अजून वाईट वाटतं. नंतर ती बहिणीकडे गेलेली बघून त्यानं शिडी लावली, फाटलेला कोपरा चिकटपट्टीनं सांधला आणि वरून छताचाच रंग दिला. वर्षातले सहा महिने गाडी शेडमध्ये आणि उरलेले सहा या कोरड्या माळावर. छताची लबाडी उघडी पडायला पाऊस लागतो, आणि तो इकडे पाहुण्यासारखा येतो.

मर्लला गाडी देताना लोवेलनं रीतीप्रमाणं दोष सांगितले. पाण्याचा पंप कुरकुरतो. मागचा पडदा अडकतो. शेगडीचा एक बर्नर हट्टी आहे. इतके बारीक दोष सांगितले, की मर्ल म्हणाला, "अरे, तुला विकायची आहे ना?"

दुसऱ्या हिवाळ्यात मर्ल पाणी भरायच्या नळाशी गाडी मागं घेत होता. तिथं एक जुनं झाड आहे. त्याची फांदी छताला लागली, खसकन आवाज आला, सगळ्यांनी पाहिलं. त्याच आठवड्यात पाऊस झाला, दोन दिवस न थांबता. कोरीनच्या कपाटावर छतातून पाणी उतरलं आणि भिंत पोळीसारखी फुगली.

मर्लच्या गुडघ्यांना शिडी झेपत नव्हती, म्हणून वर लोवेल चढला. वर जाऊन बघतो, तर त्याचीच चिकटपट्टी, त्यानंच दिलेला रंग, काठ सुटून उभा राहिलेला. फांदी तिथवर पोचलीसुद्धा नव्हती.

खाली शिडी धरून मर्ल उभा होता. "फांदीनंच झालं का रे?"

लोवेलनं सुटलेला काठ तळव्यानं खाली दाबला.

"म्हणजे, त्या कोपऱ्याला आधी काही नव्हतं ना?"

"नव्हतं," लोवेल म्हणाला.

मर्लनं खालून फांदीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला धक्कासुद्धा कळला नाही. पान लागावं तशी लागली होती."

त्या दिवशी त्यानं गाडीची किल्ली कोरीनच्या हातात दिली. छत फाटलेलं ज्याला कळत नाही, त्यानं रस्त्यावर जाऊ नये, एवढंच बोलला. कोरीननंही आग्रह केला नाही, तिलाही धास्ती वाटलीच होती. पुढं कायम तीच चालवायची. मर्ल शेजारी बसून नकाशा धरायचा आणि तिला संत्री सोलून द्यायचा. ज्यानं वादळात टपालपेट्या चुकवल्या तो माणूस. लोवेलनं कोपरा नीट दुरुस्त करून दिला, काही न घेता. मर्लनं सगळ्यांसमोर त्याचे आभार मानले, आणि आम्ही म्हणालो, मित्र असावा तर असा.

कोरीनचा या गोष्टीवर एक ठरलेला विनोद झाला. "आमच्या माणसानं उभ्या हयातीत एक टपालपेटी पाडली नाही, आणि म्हातारपणी जाऊन झाडाला धडकला." मर्ल असताना ती सांगायची, तोही हसायचा. तो गेला तेव्हा गावच्या चर्चमध्येही तिनं तेच सांगितलं, आणि रडता रडता लोक हसले म्हणतात. इथं शेकोटीपाशी तर आम्हीच तिला सांगायला लावायचो. लोवेल तेवढा हसायचा नाही. लाकडं सारायचा.

गेल्या हिवाळ्यात कोरीननं गाडी विकायचं ठरवलं. लेक म्हणत होती, एकटीनं एवढे रस्ते कशाला तुडवतेस. ओरेगॉनहून एक जोडपं बघायला आलं, नवऱ्याच्या डोक्यावर इतकी कोरी टोपी की किमतीची चिठ्ठी तेवढी राहिली होती. कोरीन म्हणाली, "गुणदोष आमचा लोवेल सांगेल, त्याचीच होती. फक्त छताचा दोष मी सांगणार, तो आमच्या घरचा आहे." आणि तिनं झाडाचा विनोद सांगितला. ते दोघं मनापासून हसले.

"हं, लोवेल," कोरीन म्हणाली. "आता तू. आणि तिसरी चांगली होती एवढ्यावर पळायचं नाही, आज पळायला लाकडं नाहीत."

खरंच लाकडं संपली होती. लोवेल हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. म्हणाला, "पंप कुरकुरतो." मग गुडघ्यावरची धूळ झटकत बसला. मला वाटलं, म्हातारा विसरला. मी पुटपुटलो, "पडद्याचं सांग."

"छत फांदीनं फाटलं नाही," लोवेल म्हणाला. "ते मी फाडलं होतं. तुम्हाला विकायच्या आधी, पेट्रोलपंपावर. मी झाकून विकलं."

आर्डिसच्या सुया थांबल्या. मी तिला ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदा.

कोरीननं शांतपणे विचारलं, "मर्लला ठाऊक होतं?"

"नाही. त्यानं विचारलं होतं. शिडीवर होतो मी. नाही म्हणालो."

"का?"

"आर्डिसला सांगितलं नव्हतं. मग तुम्हाला सांगितलं नाही. मग ते सांगायला फार उशीर झालाय असं रोज वाटत गेलं."

कोरीन शेकोटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लोवेल, त्यानं मला प्रत्येक प्रवासात संत्री सोलून दिली." आणि उठून गाडीत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

कोऱ्या टोपीच्या माणसानं बिचकत विचारलं, "म्हणजे आता गळतं का?" ते जोडपं निघून गेलं.

आर्डिस त्या संध्याकाळी लोवेलशी एकच वाक्य बोलली, आणि ते मला व्हॅनबाहेर ऐकू आलं. मी तिथून सहज चाललो होतो. ती म्हणाली, "मी तुझ्या गाडीला नावं ठेवली असती रे, तुला नसती ठेवली."

सकाळी कोरीन त्यांच्या दाराशी आली. कॉफी पुढं केली ती तिनं घेतली नाही. "गाडी मी विकत नाही," ती म्हणाली. "आणि लोवेल, तू इथं सांगितलंस ते पुरेसं नाही. इथं कुणी मर्लला गाडी चालवताना धड पाहिलेलं नाही. आमच्या गावी ये. त्याच्या बर्फवाल्यांना सांग. मी त्यांना तो विनोद इतक्यांदा सांगितलाय, की आता मला एकटीला तो परत घेता येत नाही."

"येतो," लोवेल म्हणाला.

आणि गेला. उन्हाळा लागता लागता, वाट वाकडी करून. मला हे आर्डिसनं फोनवर सांगितलं. मी विचारलं नव्हतं, फक्त तीनदा फोन केला होता. त्या गावच्या कॅफेत भिंतीला खुंट्या आहेत आणि रोजच्या गिऱ्हाइकांचे पेले त्यांवर टांगलेले. मर्लचा अजून तिथंच आहे. त्या टेबलाशी चार म्हातारे बर्फवाले बसले होते. लोवेलनं उभ्यानंच सांगितलं, पेट्रोलपंपापासून शिडीपर्यंत सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. एक जण उठला, मर्लचा पेला काढून पुसला आणि परत टांगला. दुसरा म्हणाला, "आम्ही त्याला टपालपेटी म्हणून हाक मारायचो, शेवटी शेवटी."

लोवेलला त्यांनी खुर्ची दिली, कॉफी दिली. अदबीनं वागवलं. एकानंही त्याची थट्टा केली नाही. आर्डिस म्हणाली, बाहेर आल्यावर तो बराच वेळ व्हॅन सुरू न करता बसून होता. असली माणसं थट्टा आपल्या माणसाची करतात, हे तिनं मला समजावून सांगायची गरज नव्हती.

या हिवाळ्यात तो परत आला. नवखा कुणी समोर बसला की आता तिसऱ्या गाडीपासून सुरू करतो. दोष आधी. मी एकदा जुन्या सवयीनं त्याला टोमणा मारायला तोंड उघडलं, तर आर्डिस म्हणाली, "अजून नको." मी उघडलेल्या तोंडात बिस्किट घातलं.

कोरीन डिसेंबरात आली, एकटीच चालवत. पाणी भरायला नळाशी गाडी मागं घेऊ लागली, तशी आमच्यातली निम्मी मंडळी हात हलवत धावली, कारण दुसऱ्याची गाडी मागं घ्यायला लावणं हा इथला मोठा करमणुकीचा प्रकार आहे. लोवेल लांब उभा होता, हात खिशात घालून. कोरीननं गाडी थांबवली, खिडकी खाली केली. सगळ्यांच्या डोक्यावरून तिनं त्याच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षीपासून ती त्याच्याशी फक्त सुप्रभात आणि कसा आहेस एवढंच बोलते, तेही नीट, पाहुण्याशी बोलावं तसं.

"लोवेल," ती म्हणाली, "कोपरा बघ."

तो पुढं झाला. फांदीखाली मान वर करून उभा राहिला आणि हातानं तिला मागं घेत गेला, इंचाइंचानं. फांदी आणि छत यांच्यात भरपूर जागा होती. गाडी नळाशी नीट उभी राहिली, इंजिन बंद झालं, कोरीन पलीकडच्या बाजूनं उतरून नळाकडे गेली. आम्ही खुर्च्यांकडे परतलो. आर्डिसनं दोनदा हाक मारली, कॉफी निवतेय म्हणून. लोवेल तिथंच उभा होता, वर त्या कोपऱ्याकडे बघत.