डब्यावरची मावशी

उत्तनजवळच्या चौक गावच्या सेलेस्टिनचं तोंड आज अर्ध्या मीरा-भाईंदरला पाठ आहे, आणि त्यातून तिला मिळालं काय, तर मनस्ताप.

उमेदीत होती तेव्हापासून ती भाईंदर पूर्वेला खारी गावाच्या आसपासच्या बिल्डिंगींत दारोदार मासळी विकते. उत्तनकडून बस, मग स्टेशनापलीकडून रिक्षा, मग जिने. लिफ्टमध्ये टोपली चालत नाही, वास येतो म्हणतात. रत्नागिरी-रायगडकडची घरं ही तिची बांधलेली गिऱ्हाइकं. त्या बायका मासा बघितल्याशिवाय घेत नाहीत, आणि सेलेस्टिन कल्ला उघडून दाखवल्याशिवाय देत नाही. मावशीने दिलं म्हणजे ताजंच असणार, ही तिची आयुष्यभराची कमाई.

गेल्या नाताळाच्या आधी दोन पोरं कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर आली. वाळत घातलेल्या बोंबलांपुढे उभ्या राहा मावशी, जरा हसा, म्हणाली. तिथे फोटो काढायला कोणी ना कोणी येतंच, पण ही पोरं भारी गोड बोलणारी. बाई हरखली. घरी जाऊन तोंड धुतलं, सणाचं लुगडं नेसली, सोनं घातलं आणि टोपली डोक्यावर घेऊन उभी राहिली. पोरांनी मोबाईल पुढे केला, इथे बोट लावा म्हणाली. तिने लावलं. शिवाय निघताना त्यांना सुके बोंबील बांधून दिले. काय म्हणावं या बाईला!

फोटो घरी येईल, फ्रेम करून भिंतीला लावू, म्हणून ती वाट बघत राहिली. फोटो आला तो रिक्षांच्या पाठीवर, आणि मग सगळ्यांच्या मोबाईलवर. मासळी घरपोच देणाऱ्या कुठल्याशा ॲपची जाहिरात होती. खाली लिहिलेलं, 'आपल्या मावशीची ताजी मासळी'. सुरुवातीला तिला मजा वाटली, खोटं कशाला सांगा. मग एकेक दार उघडेनासं झालं. तुमच्याच ॲपवरून मागवलं की मावशी, असं बायका हसून सांगायच्या. ते माझं न्हाय, माझं न्हाय, असं सांगून तिच्या घशाला कोरड पडली. घरात नुसतं पापलेटाचं नाव काढलं तरी मोबाईलवर मावशी हजर, असं तिची जुनी गिऱ्हाईक संचिता म्हणाली. एकदा तर सेलेस्टिनच्या स्वतःच्या फोनवर तिचंच तोंड आलं, तिलाच मासळी विकायला. आता बोला.

मुलगा डेन्झिल कंपनीच्या मागे लागला. फोनवर आधी मशीन बोलायचं, मग एक मुलगी, मग पुन्हा मशीन. शेवटी ईमेल आला की तुमच्या आईंनी संमती दिलेली आहे, सगळ्या माध्यमांसाठी, कायमची. वकील गाठू म्हणाला तो. पण भांडायला जायचं कुठे? त्या कंपनीचं दार कुठल्या गावात आहे, तेच कोणाला सांगता येईना. जाऊ दे बाबा, दमले मी, म्हणून तिनेच त्याला थांबवलं.

आज ती जिने चढून संचिताच्या दारात टेकली, तर संचिता आतून ॲपचा डबाच घेऊन आली. काल नणंद जेवायला आली होती. ॲपवरून मागवलेली सुरमई उघडली तर घरभर दर्प. पाहुण्यांपुढे तोंडघशी पडले, सांगताना तिचे डोळे भरले.

"मावशी, तुमचा चेहरा बघून घेतलं हो मी."

सेलेस्टिनने डबा नाकाशी नेला. कापून पॅक केलेल्या तुकड्यांना ना कल्ला ना डोळा. कोण बघणार, कशावरून बघणार? माझं न्हाय, हे पुन्हा एकदा सांगायचं तिच्या तोंडाशी आलं होतं. त्याऐवजी तिने टोपलीतली सगळ्यात चांगली सुरमई काढली, कल्ला उघडून दाखवला आणि कोयता लावला. संचिता ओशाळली, पैसे आणायला आत वळली.

"राहू दे बाय," सेलेस्टिन म्हणाली. "तोंड माझं हाय ना त्याच्यावर."

तुकडे ताटलीत घालत होती, तोच समोरचं दार उघडलं. मावशीचं आणखी एक जुनं गिऱ्हाईक, इशिता, उभी होती. तिच्याही हातात तसाच डबा, आणि झाकणावर सणाच्या लुगड्यातली हसरी सेलेस्टिन.

सेलेस्टिनने टोपलीत पाहिलं. तळाला थोडी पापलेटं उरली होती, आणि अजून वरचे मजले बाकी होते. ती उठलीच नाही.

"आण बाय," ती म्हणाली, "तुझापण आण."