मेलेल्या बोर्डावरची चिठ्ठी

साहेबांनी बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. मग लॅपटॉप कानाशी नेऊन हलवला, नारळात पाणी आहे का बघतात तसा.

व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर पुण्याहून आलेले पाच-सहा पाहुणे बसले होते. हातात भज्यांच्या बशा. भजी माझ्या आईनं तळलेली.

"किती दिवस झाले देऊन?"

"दोन महिने," मी म्हणाले.

"दोन महिने!" साहेब पाहुण्यांकडं बघून हसले. मग माझ्याकडं वळले. "तुम्हा लोकांना वस्तू सांभाळता येत नाहीत."

ओरडून नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं. एक पाहुण्या बाई म्हणाल्या, "जाऊ दे रे, त्यांना कुठं काय माहीत असतं." बाई माझी बाजू घेत होत्या. त्यांचं बोलणं जास्त लागलं.

मी तोंड उघडलं. त्याआधी आई स्वयंपाकघरातून धावत आली. पिठाचे हात पदराला पुसले आणि जोडले.

"चुकलं सायेब. पोरीला अक्कल न्हाई. माफी करा."

काय चुकलं होतं? तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आईनं त्या लॅपटॉपला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तरी माफी तिच्या तोंडात तयार होती. साहेबांनी मान हलवली. माफी घेतली आणि एक भजं उचललं.

'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, हे साहेबांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पानशेतच्या पाण्याकाठी त्यांचा बंगला, आणि वर चढावर आमची बौद्धवाडी. मी तिसरीत असल्यापासून आई त्या बंगल्यात झाडलोट, स्वयंपाक करायची. तिचा चहाचा कप मागच्या खिडकीत असायचा. कान तुटलेला. तो कुणाचा, हे त्या घरात कुणालाच विचारावं लागत नव्हतं. साहेब आईपेक्षा वयानं लहान. तरी तिला अगं-तुगं करायचे.

आईची एक सवय सांगते. परक्या घरात, दुकानात, बँकेत, कुठंही गेली की ती हात मागं बांधून उभी राहायची. कारण मला मोठेपणी कळलं. बंगल्यात एकदा काचेची बरणी फुटली होती. मांजरानं पाडली. आई तेव्हा मागच्या अंगणात होती. विचारलं आईला. आईनं माफी मागितली आणि तेव्हापासून हात मागं गेले.

लॅपटॉप मिळाला तो संक्रांतीच्या आठवड्यात. तेव्हाही पाहुणे होते. मी भोरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला, कॉम्प्युटर विषय घेऊन. राहायला उत्रोलीला मावशीकडं. साहेबांनी मुद्दाम बोलावून घेतलं. "ही आमच्या बाईंची मुलगी. कॉम्प्युटर शिकते!" टाळ्या. मला म्हणाले, दोन्ही हातांनी धर, जरा वर धर. फोटो निघाला. "वर्षभर वापरलाय, पण एकदम फर्स्ट क्लास आहे. काळजी घे. काही झालं तर मला सांग."

मी त्यांच्या पाया पडले. हे लपवणार नाही. मनापासून पडले. तो फोटो चौकटीत घालून त्यांनी हॉलमध्ये लावला.

काळजी कशी घेतली, तेही सांगते. मावशीच्या घराला लागून भाताची गिरणी. तुसाची धूळ घरभर. आईनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवून दिली, वर दोऱ्या लावून. मावशीनं गोधडीची चौघडी करून दिली, लॅपटॉप खाली टेकायला नको म्हणून. मी गोधडीवर ठेवून काम करायची. भोर डेपोच्या गाड्यांचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर शोधता येईल, असा माझा प्रोजेक्ट होता. लॅपटॉप तापायचा. माणूस काम करताना तापतो, तसं असेल म्हटलं. त्याला खालून हवा लागते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

एका दुपारी पडद्यावर रंगीत रेघा आल्या. मग अंधार. परत उजेड आलाच नाही.

साहेब म्हणाले होते, काही झालं तर सांग. म्हणून मी सांगायला गेले. तिथं काय झालं ते वर सांगितलंच.

त्यानंतर साहेबांचं ते वाक्य माझ्याबरोबर राहायला आलं. मावशीच्या घरात ग्लास उचलला की ऐकू यायचं. मैत्रिणीनं पेन दिलं की ऐकू यायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये कीबोर्डवर हात ठेवायला भीती वाटायची. सर म्हणाले, "बसा ना." मी उभी. माझे हात मागं गेले होते. माझ्याही नकळत.

मी मोडला का? दिवसभर एवढाच प्रश्न. प्रोजेक्ट जमा करायला अकरा दिवस राहिले होते. प्रोजेक्ट गेला तर वर्ष गेलं. पण खरं सांगते, त्याहून मोठा प्रश्न तो होता. मी मोडला असेल तर साहेब खरं बोलले. मग बरणीचंही खरं. मग आमचं सगळंच खरं.

पुण्यात एका सर्व्हिस सेंटरला गेले. काचेमागच्या मुलानं वायर लावून बघितली. "मदरबोर्ड गेलाय. नवा टाकायचा तर जवळजवळ नव्या लॅपटॉपचेच पैसे. त्यापेक्षा नवाच घ्या." मी विचारलं, "आतलं काम?" तो म्हणाला, "गेलं समजा." मग माझ्याकडं, लुगड्याच्या पिशवीकडं बघितलं. "बिल कुणाच्या नावावर आहे?" माझ्याकडं बिल नव्हतं. त्यानं लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. मी पिशवीच्या दोऱ्या बांधल्या आणि स्वारगेटला येऊन भोरची एसटी धरली.

भोरच्या स्टँडमागच्या गल्लीत मुनीरभाईंचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा, भिंतीला लटकलेले रेडिओ आणि मोबाईल. मुनीरभाई पुण्यात चार वर्षं लॅपटॉप दुरुस्तीला होते. वडील आजारी पडले म्हणून परत आले. भोरमध्ये लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन येणारे दोन-चार जणच. त्यामुळं त्यांचे हात त्या कामासाठी शिवशिवत असायचे.

मी पिशवी टेबलावर ठेवली आणि त्यांनी विचारायच्या आत बोलून टाकलं.

"गोधडीवर ठेवत होते. माझ्या हातून मोडला."

त्यांनी वर बघितलं. "म्या कुठं इचारलं?"

मग विचारलं, आत काय होतं. मी प्रोजेक्टचं सांगितलं, पुण्याचं सांगितलं.

"बोर्ड मेला म्हंजी समदं मेलं व्हय? डिस्क येगळी असती, ताई. त्यांनी उगडून बगितलं?"

"नाही."

"मंग?"

त्यांनी दोन स्क्रू काढले, काम जिथं साठतं ती तळहाताएवढी डिस्क बाहेर काढली आणि वायरीनं आपल्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर माझी फाईल. भोर, किकवी, कापूरहोळ, सगळ्या गाड्या आपापल्या वेळेला उभ्या. मी रडले. दुकानात, लोकांसमोर. मुनीरभाईंनी रेडिओचा आवाज मोठा केला.

मग ते बोर्डाकडं वळले. नव्याचं नाव काढू नका म्हणाले. पुण्याच्या जुन्या बाजारात याच कंपनीचा पडदा फुटलेला लॅपटॉप मिळतो का बघू, त्याचा बोर्ड यात बसवू. त्यांनी खर्च सांगितला तो मावशीनं हातावर ठेवलेल्या पैशात भागणारा होता. असाही रस्ता असतो, हे काचेमागच्या मुलाला ठाऊक नसेल का?

बोर्ड बाहेर काढला आणि मुनीरभाई थांबले.

"ह्यो आदी कुनी उगडला व्हता?"

"कुणीच नाही."

"न्हाई. हितं बगा."

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मी हात मागं घेतला. "घ्या की," ते खेकसले. "भिंगाला काय व्हतंय?" मी घेतलं. हिरव्या बोर्डावर एक काळी चौकोनी चिप. तिच्या कडेनं पिवळं, वाळलेलं काहीतरी, डिंकासारखं. ही चिप खाली कथिलाच्या बारीक ठिपक्यांवर बसलेली असते, त्यांनी समजावलं. ठिपके तडकले की लॅपटॉप बंद. मग वरून गरम हवा मारायची. कथील पाघळतं, परत धरतं. पण ते काही दिवसांचंच. पिवळं दिसतंय तो त्याच कामाचा डाग.

आणि पंख्याच्या खाली बोर्डावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. नखाएवढी, पांढरी. वर पेनानं तारीख आणि इंग्रजीत दोन अक्षरं. टी आणि आर.

"टेम्परवारी रिपेर," मुनीरभाई म्हणाले. "आमी पुन्यात असंच लिवायचो. टिकनार न्हाई, असं गिऱ्हाइकाला आदी सांगायचं, मंग चिठ्ठी लावायची. न सांगता लावली तर शेठ पगार कापायचा."

तारीख नोव्हेंबरची होती. संक्रांतीच्या दोन महिने आधीची.

"म्हंजी ज्यानं दिला, त्याला ठावं व्हतं," मुनीरभाई म्हणाले.

मला आनंद झाला नाही. मी ज्यांच्या पाया पडले, त्यांनी मरायला टेकलेली वस्तू टाळ्या वाजवून माझ्या हातात दिली होती. वर धर म्हणाले होते. आणि ती मेल्यावर दोष माझ्या जातीला दिला. नाव न घेता.

निघताना मी विचारलंच. "पण गोधडीनं काहीच झालं नसेल?"

मुनीरभाई खोटं बोलू शकले असते. बोलले नाहीत. "गोदडीनं आठ दिस आदी मेला आसंल. मरनार तर व्हताच."

ते आठ दिवस अजून माझ्या मानेवर आहेत.

बोर्ड मिळाला, बसला, लॅपटॉप सुरू झाला. प्रोजेक्ट वेळेत गेला. जुना बोर्ड मुनीरभाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. "ठिवा. कुनी इचारलं तर दावा."

कुणी विचारणार नव्हतं. म्हणून मीच गेले. रविवारी.

व्हरांडा तोच. पाहुणे वेगळे. मी टेबलावर कागद उलगडला. बोर्ड ठेवला. चिठ्ठी दाखवली. म्हणाले, "साहेब, तुम्ही दिलात तेव्हाच तो जाणार होता. तुम्हाला माहीत होतं."

साहेबांनी चिठ्ठी बघितली. तारीख लगेच ओळखली. एक क्षण चेहरा उतरला. तो क्षण मी बघितला. मग ते म्हणाले,

"अगं, फुकट दिला होता ना?"

"आईनं तुमची माफी मागितली होती," मी म्हणाले. "ती परत द्या."

ते हसले. पाहुण्यांकडं बघून, सोबत मागत. कुणी हसलं नाही. मी बोर्ड परत कागदात गुंडाळला आणि हॉलमध्ये गेले. भिंतीवरचा माझा फोटो काढला. त्यात मी दोन्ही हात वर करून हसत होते. चौकट तिथंच ठेवली, फोटो घेतला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात मागं.

सोमवारपासून आईला कामावर येऊ नको म्हणून निरोप आला. आई महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही. एकदाच म्हणाली, "खरं आसंल तुजं. पर काम तर माजं गेलं." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नंतर ती भाताच्या लावणीला जायला लागली. पाठ वाकली ती तिथंच.

पाच वर्षं झाली त्याला. या पावसाळ्यात आई तापानं भोरच्या सरकारी दवाखान्यात होती. दुपारची वेळ. नर्सच्या ट्रेमधून काचेची बाटली खाली पडली. नर्सच्याच कोपराचा धक्का लागला. खळ्ळकन आवाज झाला. आई ग्लानीत होती. ती अर्धी उठली. सलाईन लावलेला हात दुसऱ्या हाताला जोडला.

"चुकलं सायेब. माफी करा."

नर्स म्हणाली, "अहो आजी, तुम्ही नाही पाडली." आईला ते ऐकू गेलं नाही. ती जोडलेले हात सोडेना. मी ते एक एक बोट करून सोडवले. चौथ्या दिवशी आई गेली.

'वस्तू सांभाळता येत नाहीत' हे वाक्य माझ्या कानात अजून येतं. आता साहेबांच्या आवाजात नाही, आईच्या आवाजात येतं. हे जास्त वाईट आहे.

मी आता भोरमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवते. पहिल्या दिवशी मशीन बंद करते आणि स्क्रूड्रायव्हर हातात देते. उघडा म्हणते. हात लावा. कुणी काही दिलं तर आधी त्याच्यासमोर उघडून बघा. पोरं हसतात, पण उघडतात.

साहेब आहेत. बंगला आहे. रविवारी पाहुणे येतात, मी चौकशी केली आहे. बोर्ड माझ्या पिशवीत आहे, लुगड्याच्या त्याच पिशवीत. चिठ्ठीवरची शाई फिकी झाली आहे, पण वाचता येते. गेल्या वेळी मी साहेबांच्या हसण्याला भिऊन, माफी न घेताच पायरी उतरले होते. आईचं काम जाईल, याची भीती होती. आता आई नाही, काम नाही, भीती नाही.

माझ्या आईची माफी त्यांच्याकडं आहे. येत्या रविवारी मी जाणार आहे. हात पुढं ठेवून उभी राहीन. ती घेतल्याशिवाय पायरी उतरणार नाही.