उजव्या हाताची धार

आई गेली त्या संध्याकाळी मामांनी माझ्यापुढे अडकित्ता धरला. आमच्याकडे अग्नी देणाऱ्याने दहा दिवस लोखंडाची एखादी वस्तू जवळ बाळगायची असते. आईला मी एकटीच. अग्नी मी दिला होता, तेव्हा लोखंडही मलाच बाळगायचे होते. मी अडकित्ता घेतला नाही. आईच्या पर्समधून तिचा घडीचा चाकू काढला.

"तुटका चाकू कायले घेतं तू? हा घे ना," मामा म्हणाले.

"लोखंडच आहे ना मामा."

चाकू खरोखरच तुटका होता. मुठीच्या पाठीत एक पोलादी कमान असते, ती पाते जागच्या जागी धरून ठेवते. ती काही महिन्यांपूर्वी मोडली होती आणि पाते लुळे पडले होते. आईने मुठीभोवती रबरबँड गुंडाळून काम चालवले होते. दहा दिवस, माणसे येत-जात असताना, मी ते रबरबँड बोटाने चाचपत बसले.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. नोकरी लागल्यावर तिने हा चाकू घेतला, तो मुलांच्या पेन्सिली तासण्यासाठी. सकाळी वर्गात शिरताना मुले आपापल्या बोथट पेन्सिली तिच्या टेबलावर ठेवत आणि हजेरी होईपर्यंत त्या टोकदार होऊन परत मिळत. आई जन्माची डावखुरी. लहानपणी आजोबांनी पट्टीने मारून तिचा लिहिण्याचा आणि जेवण्याचा हात बदलला. चाकू मात्र शेवटपर्यंत डाव्या हातात राहिला.

मलाही पेन्सिल तासायला शिकायचे होते. मी चाकू धरला की पाते लाकडात खोल घुसायचे आणि शिसे मोडायचे. दर वेळी. आई चाकू काढून घ्यायची. "दे इकडे. तुझ्या हाताला वळणच नाही." त्यात राग नसायचा. मुलीचे केस कुरळे आहेत असे सांगावे, तसे ती सांगायची, आणि तसेच मी ते मानले. पुढे भरतकामाच्या वाटेला गेले नाही, चित्रे काढली नाहीत, भाजीही जेमतेम चिरते. पुस्तकांकडे वळले, पाने उलटायला हाताला वळण लागत नाही. आज आमच्या राज्याच्या नव्या राजधानीत, नवा रायपूरला, एका सरकारी खात्याचे ग्रंथालय सांभाळते.

दहाव्या दिवशी महादेव घाटावर मामांनी नदीकडे बोट दाखवले. "आता सोडून दे थे. सुतकातलं लोखंड घरात ठेवू नाही."

"नाही मामा. मी दुरुस्त करणार आहे."

"कोनाच्यानं? चावीवाला तरी हात लावते का त्याले?"

चावीवाल्याने हात लावला नाही. गोल बाजारातल्या धारवाल्याने पाते डाग देऊन कायमचे उघडे करून देतो म्हटले. मामा दर फोनवर विचारत आणि मग स्वतःच हसत. "सिलतऱ्याच्या कारखान्यांत डोंगराएवढं पोलाद निघून राहिलं, अन् माह्या भाचीले बोटभर कमान भेटत नाही."

आईच्या पेटीत, तिच्या नेमणुकीच्या कागदांखाली, चाकू ज्यात आला होता ते पुठ्ठ्याचे पाकीट निघाले. मागे कारखान्याचा पत्ता होता, उत्तरेकडच्या एका लहान गावाचा. कारखाना अजून असेल याची खात्री नव्हती. मी हिंदीत पत्र लिहिले आणि खाली माझा फोन नंबर घातला. दोन आठवड्यांनी एका वृद्ध माणसाचा फोन आला. घडीचे चाकू आता ते बनवत नव्हते, पण चाकू त्यांच्या वडिलांच्या हातचा असेल, तेव्हा पाठवून द्या, म्हणाले.

तेलीबांध्याच्या कुरियरवाल्याने मान हलवली. "चाकू नहीं जाएगा, दीदी." पोस्टातल्या बाईंनी, आत काय आहे ते लिहा, म्हणून सांगितले. मी लिहिले: पेन्सिल तासण्याचे जुने अवजार, दुरुस्तीसाठी. त्यांनी वाचले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि शिक्का मारला.

त्या वृद्ध कारागिराचा पुढचा फोन मी ग्रंथालयात असताना आला. वाचनकक्षात कोणी नव्हते, नेहमीप्रमाणे.

"बहनजी, यह चाकू किसका है?"

"माँ का था."

"बाएँ हाथ से चलाती थीं?"

मी हो म्हटले. त्यांना कसे कळले, ते त्यांनी शांतपणे समजावले. पाते एकाच अंगाने झिजले होते. वर्षानुवर्षे डाव्या हाताने लाकूड तासून आणि दगडावर त्याच हाताने घासून धार एका बाजूला कलली होती. मग त्यांनी विचारले, मी कोणत्या हाताची? उजव्या, मी सांगितले.

"तो आपसे यह कभी चला नहीं होगा."

डॉक्टर जुने दुखणे ओळखतात तसे ते बोलले. कमान त्यांनी हाताने नवी घडवली होती, पात्यात अजून जीव होता. प्रश्न धारेचा होता. ती आहे तशी ठेवायची, की माझ्या हाताची करून द्यायची? एकदा सरळ केली की पहिली धार परत येणार नव्हती. मी एक दिवस मागून घेतला.

संध्याकाळी ऑफिसच्या बसमध्ये खिडकीशी बसले. नव्या राजधानीचे रस्ते रुंद आणि मोकळे, विचार करायला चांगले. धार तशीच ठेवली तर चाकू कपाटात जाणार होता. वर्षातून एकदा, आईच्या तिथीला, मी तो काढून पाहणार, आणि तो सुतकातले लोखंडच राहणार. ती धार म्हणजे आईचा हात होता, हे मला कळत होते. पण त्याच धारेवरून तिने माझ्या हाताला शेरा दिला होता, आणि तो चुकीचा होता. तिला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. चूक कळल्यावर आई वहीतला लाल शेरा स्वतः खोडत असे आणि शेजारी सही करत असे. हे मी अनेकदा पाहिले होते.

सकाळी मी फोन लावला. "मेरे हाथ की कर दीजिए. पत्ती वही रहे."

"वही रहेगी."

चाकू परत आला तेव्हा मुठीवरचे ओरखडे जसेच्या तसे होते. पात्याच्या बुडाशी शिशाचा काळेपणाही तसाच होता. त्यांनी तो मुद्दाम पुसला नसावा. कागदाच्या पुडीत रबरबँड परत पाठवले होते. पाते बंद केले तर खट्‌ आवाज झाला. मी दोन पेन्सिली घेऊन बसले. पहिलीचे शिसे मोडले, सवयीने मोडले असावे. दुसरीचे नाही.

रविवारी मामा बिही घेऊन आले. पेरूला इथे बिही म्हणतात. मी चाकू दाखवला आणि फोनवर झालेले सगळे सांगितले. त्यांनी अंगठ्याने धार पाहिली आणि चेहरा उतरला.

"म्हंजे तिची धार घासून टाकली तू?"

"हव."

"अव, तेवढंच त होतं तिच्या हातचं."

"मामा, तुम्ही त नदीत टाक म्हणत होते."

"थे येगळं," ते म्हणाले.

मी चाकू घेतला. बिही धुतली आणि त्यांच्यासमोर कापली. पाते सरळ खाली उतरले. चार फोडी, चारही सारख्या. मामा कधी माझ्या हाताकडे पाहत होते, कधी ताटलीकडे. लहानपणापासून मला काही कापायला दिले की ते ओरडायचे, बोट सांभाळ पोट्टे. आज ओरडले नाहीत. बराच वेळ त्यांनी फोडीला हात लावला नाही. मीही आग्रह केला नाही. पाते पुसले, चाकू बंद केला.

मग त्यांनी ताटली जवळ ओढली. "मीठ नाही का तुह्या घरात?"